मेलेला चुना

इयादेर चुना मागायला आला तेव्हा त्याच्या अंगरख्यावर रक्त होतं, आणि ते त्याचं नव्हतं. भट्टीच्या दाराशी त्याने दांडकं टेकवलं, "देवाला स्तुती!" अशी आरोळी ठोकली आणि हात धुवायला पाणी मागितलं. मी ओतत होते, तो नखं चोळत होता. जमीनदाराचा कारभारी वाटेत भेटला होता म्हणे. भीतीने त्याच्या तोंडून "देवाचे आभार" निघून गेलं.

आमच्या डोंगरात माणूस असाच ओळखतात. आमचे लोक म्हणतात देवाला स्तुती, ते म्हणतात देवाचे आभार. देव एक, प्रभू एक, रविवार एक, भाकर आणि द्राक्षारसही एकच. पण चुकीच्या वळणावर चुकीचं वाक्य बोललात की पुढचे दात हातात येतात. शंभर वर्षांपूर्वी सम्राट ख्रिस्ताचा वैरी होता, तेव्हा काही बिशपांनी जीव वाचवायला पवित्र पुस्तकं शिपायांच्या हवाली केली. ते फितूर. ज्यांनी दिली नाहीत आणि हाल सोसले, ते आमचे. फितुरांच्या हातचा बाप्तिस्मा म्हणजे नुसती आंघोळ, असं आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालो. पुस्तकं जळली, जाळणारे मेले, देणारे मेले. भांडण तेवढं जगलं आणि चांगलं पोसलं गेलं. आता सम्राट स्वतःच ख्रिस्ती झालाय, आणि तो त्यांच्या बाजूला आहे.

इयादेर माझा दीर. माझा नवरा बालियात भट्टीच्या धुराने खोकून खोकून गेला. जाताना चुन्याची भट्टी माझ्या गळ्यात घातली आणि हा धाकटा भाऊ माझ्या डोक्यावर ठेवला. इयादेर दांडकेवाल्यांच्या टोळीचा म्होरक्या. ही माणसं आपल्या दांडक्याला 'इस्राएल' म्हणतात. तलवार धरत नाहीत, कारण प्रभूंनी पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितली होती. दांडक्याबद्दल प्रभू काही बोलले नाहीत, म्हणून दांडकं चालतं. असली अक्कल गाढवालाही सुचायची नाही.

"कळीचा चुना हवाय, वहिनी. पिशवीभर."

"कुणाच्या भिंती पांढऱ्या करायच्यात, भावजी?"

"भिंती नाहीत. डोळे."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. ही त्यांची रीत सगळ्या मुलखाला माहीत आहे. फितुरांचा पाद्री पकडायचा, चौघांनी धरायचा आणि डोळ्यांत चुना भरून वर आंबलेल्या द्राक्षारसाचा शिरका ओतायचा. ठार मारला तर तो शहीद होतो, त्याच्या थडग्यावर जत्रा भरते. आंधळा केला तर जन्मभर भिंत चाचपत फिरतो, आणि त्याला बघून बाकीचे शहाणे होतात.

"कुणाचे डोळे?" मी विचारलं. उत्तर माहीत असताना विचारलं.

इयादेरने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या भावाचे."

मिगिन माझा धाकटा भाऊ. आमच्याच चर्चमध्ये वाढला, शिकायला शहरात गेला आणि त्यांचा पाद्री होऊन परत आला. गावाच्या खालच्या टोकाला त्यांचं छोटं चर्च, वरच्या टोकाला आमचं मोठं. मधल्या वाटेवर त्याची-माझी गाठ पडली तर मी पदर ओढून पुढे जायची आणि घरी जाऊन त्याच्यासाठी अंजीर पाठवायची.

"पलीकडच्या गावचं आपलं चर्च शिपायांनी घेतलं," इयादेर म्हणाला. "कागद कुणी लिहून दिला? तुझ्या मिगिनने."

"तो लिहितो ते बिशप सांगतो म्हणून."

"मग बिशपचे डोळे मिळेपर्यंत ह्याचे."

"तो माझा पाठचा भाऊ आहे, भावजी."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. पोरं म्हणतात, चुनेवाली दोन्ही डगरींवर हात ठेवून आहे. मी म्हटलं, वहिनी आपली आहे. चुना तिच्याच हातचा न्यायचा, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

तो भट्टीकडे बघत राहिला. रागावला नव्हता, हेच वाईट होतं. "भट्टी मोठी आहे, वहिनी. एक बाई सहज मावेल."

मी कोठीत गेले. एका बाजूला झाकलेल्या रांजणांत ताजा कळीचा चुना होता. थेंबभर पाणी पडलं की खदखदून उकळणारा, मांस खाणारा. दुसऱ्या कोपऱ्यात हिवाळ्यापासून उघडा पडलेला जुना ढीग होता. ओल खाऊन खाऊन त्याची भुकटी झाली होती. आम्ही त्याला मेलेला चुना म्हणतो. अंजिराच्या बुंध्यांना फासायला बरा, बाकी कशाला नाही. पण शिरका पडला की तोही फसफसतो, आणि फेस सगळ्यांना दिसतो.

मी मेलेल्या ढिगातून पिशवी भरली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मला तो दांडा व्हायचं नव्हतं.

इयादेरने पिशवीत बोट घातलं. "गरम नाही लागत."

"ओल लागल्यावर लागेल. जिभेवर ठेवून बघा की."

तो खो-खो हसला. "तुझ्या तोंडाला लागूनच दादा लवकर गेला," म्हणाला, आणि पिशवी खांद्यावर टाकून उतरला.

मी गाढवावर चुन्याच्या गोणी लादल्या, म्हणजे कुणी विचारायला नको, आणि खालच्या टोकाला गेले. मिगिन जवाची लापशी खात बसला होता.

"पळ," मी म्हटलं.

"कुठे?"

"कुठेही. मसणात. इयादेर तुझे डोळे काढायला येतोय."

"परवा रविवार आहे, ताई. प्रार्थना कोण चालवणार?"

"तुझी ती मूठभर म्हातारी माणसं? ती इथे येऊन झोपतात. तू नसलास तर घरी झोपतील."

तो हसला. "मेंढपाळच पळाला तर..."

"मेंढपाळच आंधळा झाला तर? ते कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

तो हलेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं असतं ना, तसा हा लहानपणापासून. मग मी त्याला मेलेल्या चुन्याचं सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे मी आंधळ्याचं सोंग घ्यायचं?"

"हो."

"ते खोटं होईल."

लापशीचं भांडं त्याच्या डोक्यावर ओतावं असं वाटलं मला. पोरवयात आमच्या हातून तेलाचा बुधला फुटला होता. कुणी विचारायच्या आधीच हा बापाकडे गेला, सगळं सांगून आला आणि माझीही पाठ सोलून निघाली. असल्या खरेपणाचा खर्च नेहमी दुसऱ्याच्या पाठीवर पडतो.

"तुला बोलायचंच नाहीये काही. शिरका डोळ्यांत गेला की जे ओरडशील ते खरंच असेल. मग डोळे मीट. मी पट्टी बांधते. कुणी विचारलं तर गप्प बस. गप्प बसणं खोटं नसतं ना?"

त्याने चमचा पुन्हा उचलला. "नसावं बहुतेक."

"मग झालं तर. नंतर तुला गाढवावर घालते आणि समुद्राकाठी आत्याकडे सोडते. तिथे तुझं तोंड कुणाच्या ओळखीचं नाही. तिथे उघड डोळे."

रविवारी सकाळी ते आले, भर उन्हात, स्तोत्रं गात. त्यांचं गाणं ऐकलं की आमच्या मुलखात कुत्रीसुद्धा घरात शिरतात. मी त्यांच्या चर्चसमोरच्या खळ्यावर आमच्या बायकांत उभी होते. मला तिथे दिसणं भाग होतं.

दार कुऱ्हाडीने फोडलं. दारवान म्हातारा मधे आला, त्याच्या डोक्यात पहिलं दांडकं बसलं. कलिंगड फुटावं तसा आवाज झाला आणि तो उंबऱ्यावरच आडवा पडला, पुन्हा उठला नाही. आत बायका किंचाळत होत्या. लाकडी वेदी बाहेर फेकली गेली, तिचे पाय मोडून दांडकी झाली. भाकर त्यांनी कुत्र्यांना टाकली. फितुरांनी आशीर्वाद दिलेली भाकर म्हणजे भाकरच नाही, असं आमचे मानतात. तरी मला ते बघवलं नाही. मग मिगिनला पाय धरून फरफटत आणलं. त्याचं डोकं पायरीपायरीवर आपटत होतं.

"म्हण, देवाला स्तुती!" इयादेर म्हणाला.

"देवाला स्तुती," मिगिन म्हणाला. "ती मी रोजच करतो. आणि आभारही मानतो."

त्याच्या बरगड्यांवर लाथा पडल्या. चौघांनी हातपाय दाबले, एकाने केस धरून डोकं मागे ओढलं. इयादेरने त्याच्या पापण्या स्वतःच्या अंगठ्यांनी ताणल्या आणि माझा चुना मूठमूठ भरला. शिरका ओतला. फेस उसळून कानांपर्यंत गेला आणि माझा भाऊ असा ओरडला की मलाच वाटलं, पिशवी भरताना माझ्या हातून ढीग चुकला. मी धावले. कुणी अडवलं नाही. त्याच्या अंगावर पडून मी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि कोणी वाकून बघायच्या आत डोळ्यांभोवती करकचून बांधला.

"दिसतंय का?" मी त्याच्या कानात विचारलं.

"आग होतेय," तो पुटपुटला. "पण उजेड दिसला."

मी रडायला लागले. लोकांना वाटलं, दुःखाने.

"वहिनी," इयादेर हात पुसत म्हणाला, "आता ह्याला भिकेची वाटी तेवढी घेऊन दे."

बरगड्या मोडलेल्या माणसाला गाढवावर घालता येईना. त्याला बसता यायला लागेपर्यंत थांबले आणि तिथेच घात झाला. शहरातून त्यांचा बिशप सेकुंदियान गाडी घेऊन आला. बारीक अंगाचा, गोड बोलणारा. ओठांत एक आणि पोटात एक. मिगिनच्या पट्टीवर त्याने सगळ्यांसमोर ओठ टेकले, त्याला 'जिवंत शहीद' म्हणाला आणि शहरात घेऊन गेला. गव्हर्नरसमोर उभा केला. आंधळ्या पाद्र्याला बघून गव्हर्नरने शिपाई दिले.

शिपाई आमच्या मोठ्या चर्चवर आले. आमचे लोक पायऱ्यांवर हातात हात गुंफून बसले आणि स्तोत्र म्हणू लागले. घोडे त्यांच्यावर घातले गेले. लोकर पिंजणाऱ्याची बायको माझ्या शेजारी होती. टापेने तिचं तोंड नाहीसं झालं, गाणं तरी पुढच्या शब्दापर्यंत चालूच होतं. आमच्या म्हाताऱ्या बिशपला खेचराच्या मागे बांधून नेलं. पुन्हा कुणाला दिसला नाही. संध्याकाळी पायऱ्या धुतल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिथून 'देवाचे आभार' ऐकू आलं. दांडकेवाले डोंगरात पळाले. पण डोंगर माझ्या भट्टीपासून हाकेवर आहे.

खाणीत मारल्या गेलेल्या शहिदांचा सण जवळ आला तेव्हा मिगिन परतला. दोन शिपाई त्याला हाताला धरून भट्टीपर्यंत घेऊन आले आणि खाली अंजिराच्या सावलीत फासे टाकत बसले. भट्टी पेटलेली होती. पेटलेली भट्टी सोडून जाता येत नाही. आच मोडली की सगळे दगड वाया जातात. मी झुडपांच्या मोळ्या आत ढकलत होते आणि तो बाहेर काढून ठेवलेल्या कळीच्या चुन्याच्या रांजणाला टेकून बसला होता, डोळ्यांवर पांढऱ्या रेशमाची पट्टी.

"रेशीम!" मी म्हटलं. "माझ्या रुमालाला काय झालं होतं?"

"ताई, वैद्याने पट्टी सोडली."

माझ्या हातातली मोळी खाली पडली.

"डोळे चांगले आहेत म्हणून त्याने बिशपना सांगितलं. त्यांनी मला विचारलं, कसे वाचले? मी गप्प बसलो. त्यांनी पुन्हा विचारलं. बिशपनी समोर बसून विचारल्यावर किती गप्प बसणार?"

"सांगितलंस."

"सांगितलं."

बुधलाच पुन्हा. मी कपाळावर हात मारून घेतला. "मग? रागावला असेल."

"रागावले असते तर बरं झालं असतं. खूश झाले. म्हणाले, देव चुनेवालीच्या हातूनही काम करतो. सणाच्या दिवशी मोठ्या चर्चमध्ये, शहिदांच्या थडग्यावरच्या दिव्याचं तेल लावून सगळ्या गावासमोर पट्टी सोडणार आहेत. आंधळ्याला दिसणार. गव्हर्नरची माणसंही येणार आहेत."

"आणि इयादेर?"

"तेच मी म्हटलं. म्हटलं, स्वामी, त्या लोकांची शिकवण आहे की फितुरांच्या हातून देव चमत्कार करतच नाही. मला दिसलं तर ते काय म्हणतील? चमत्कार नाही, मग चुना खोटा. आणि चुना कुणाचा?"

त्याचं अगदी बरोबर होतं. इयादेरच्या डोक्यात दुसरा विचार शिरायला जागाच नव्हती.

"काय म्हणाला तुझा स्वामी?"

मिगिनला सांगताना लाज वाटत होती. "म्हणाले, एका बाईसाठी अख्खं गाव अंधारात ठेवायचं का, बाळा? तिने शहरात यावं, आपल्या चर्चमध्ये गुडघे टेकावेत, आपण तिला सांभाळू. नाही आली तर ती त्यांचीच आहे; त्यांच्या आपसांतल्या भांडणाला आपण काय करणार."

"पेटलेली भट्टी सोडून त्याच्यापुढे गुडघे टेकू? माझ्या नवऱ्याचं थडगं इथे आहे. आणि दांडकेवाले शहरात पोचत नाहीत असं वाटतं का त्याला?"

"नाही टेकणार ते माहीत होतं. म्हणून मीच आलो. ताई, माझ्या डोळ्यांत आता खरा घाल."

मी त्याच्या थोबाडीत मारली. आंधळ्यावर हात उगारणारी बाई बघून खालचे शिपाई हसले.

"पुन्हा बोललास तर जीभ काढीन," मी म्हटलं. "तू पट्टी सोड, डोळे उघड, जग बघ. माझं काय व्हायचं ते होईल. इयादेर आला तर पहार आहे माझ्याकडे."

"ते एकटे येत नाहीत."

"मग माझ्याबरोबर दोघं-तिघं घेऊन जाईन. तू मधे पडू नकोस."

तो गप्प झाला. त्याचं गप्प होणं मला कळायला हवं होतं. मी शिडीवर चढून वरच्या तोंडातून आच बघत होते, ज्वाळांचा आवाज कानांत होता. खाली पाहिलं तेव्हा त्याने पट्टी वर सरकवली होती आणि रांजणाचं झाकण बाजूला पडलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. नीट, पूर्ण, शिडीच्या पायथ्यापासून माझ्या तोंडापर्यंत पाहिलं. मग चुन्याने भरलेल्या दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबल्या आणि शेजारच्या पाण्याच्या हंड्यात तोंड बुडवलं.

मी शिडीवरून पडले की उडी मारली ते आठवत नाही. पाण्यातून वाफ येत होती. त्याचं ओरडणं बुडबुड्यांतून येत होतं. मी त्याला खेचून वर काढलं, तेलाचं भांडं त्याच्या तोंडावर उपडं केलं, बोटांनी चुना काढत राहिले, माझी बोटं भाजत राहिली. बोटांबरोबर जे निघून येत होतं तो सगळा चुना नव्हता. शिपाई धावत आले. एकजण तिथेच ओकला. मी त्यांना ओरडून सांगितलं की ठिणगी उडाली, जुन्या जखमेवर ठिणगी उडाली, आणि त्यांना ते पटलं. आंधळ्याला आणखी आंधळं करून कुणाला काय मिळणार?

"बिशपना सांगू नका," मिगिन दातांतून म्हणाला. "सणाच्या तोंडावर काळजी करतील." शिपायांनाही तेच हवं होतं, राखण करताना घडलेलं कोण सांगतो?

सणाच्या दिवशी मीच त्याला हाताला धरून वरच्या चर्चमध्ये नेलं. ज्या पायऱ्यांवर आमचे लोक मेले त्याच चढवल्या. तापाने त्याचं अंग फणफणत होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे त्यांचे, निम्मे आमचे. आमच्यांना जमीनदारांनी हाकलत आणलं होतं. खांबांच्या सावलीत घोंगड्या पांघरलेले लोक उभे होते आणि प्रत्येक घोंगडीखाली काय आहे ते मला ठाऊक होतं. इयादेर तिसऱ्या खांबाशी होता. तो मिगिनकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. पिशवीत बोट घातलं तेव्हाचं त्याला आठवत होतं, हे मला त्याच्या तोंडावर वाचता आलं.

सेकुंदियानने खूप छान भाषण केलं. आंधळे कोण आणि डोळस कोण, हे गोड आवाजात सांगितलं. मग दिव्यातलं तेल बोटावर घेतलं आणि पट्टी सोडायला लागला. एक वेढा, दुसरा वेढा. सगळ्यांना दिसावं म्हणून त्याने मिगिनचं तोंड लोकांकडे वळवलं, शेवटचा वेढा स्वतः काढला आणि त्याचा हात हवेतच थांबला.

पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली. जिथे डोळे असायला हवे होते तिथे लाल-पांढरं कच्चं मांस होतं.

"काय केलंस हे?" बिशप कुजबुजला. मी जवळ होते, मला ऐकू आलं. मग घसा साफ करून मोठ्याने, कारण आता माघार नव्हती: "बाळा, काय दिसतंय तुला?"

मिगिनने मान उंच केली. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माझा भाऊ भरल्या चर्चमध्ये खणखणीत आवाजात म्हणाला, "काही नाही, स्वामी. त्यांनी चुना घातला त्या दिवसापासून काहीच दिसलेलं नाही. एक क्षणही नाही."

मग तिसऱ्या खांबापासून आरोळी उठली, "देवाला स्तुती!"

घोंगड्या फेकल्या गेल्या. बिशपशेजारच्या सेवकाचा जबडा पहिल्याच फटक्यात लोंबायला लागला. शिपायांनी दारं लावून घेतली आणि तलवारी काढल्या. दारं लावल्यावर आमचे कोण, त्यांचे कोण, हे बघायची गरजच उरली नाही. दिवे पडले, तेल पेटलं, लोक जळत्या कपड्यांनी एकमेकांना मिठ्या मारत होते. सेकुंदियान शहिदांच्या थडग्यामागे शिरला आणि वाचला, असले वाचतात. मी मिगिनला भिंतीशी दाबून त्याच्यावर ओणवी झाले. कुणाचं तरी रक्त माझ्या मानेवरून आत ओघळलं, गरम. एका शिपायाने माझ्यावर तलवार उगारली आणि त्याचं मनगट दांडक्याखाली मोडलं.

"वहिनी, खिडकीतून!" इयादेर होता. त्याने एका हाताने मिगिनला उचललं, ज्याचे डोळे त्याने काढले असं त्याला वाटत होतं त्याला, आणि ओझं ढकलावं तसा बाहेर ढकलला. "तुझ्यासाठी करतोय हां," म्हणाला. "ह्याच्यासाठी नाही."

त्या दिवशी आमच्या थिग्गाला गावात सुतारांनी तिरड्या करायचं सोडून दिलं. घोंगडीत गुंडाळून पुरले.

मिगिनला बिशपने पाद्रीपणातून काढलं. शहिदांनी ज्याला दृष्टी दिली नाही त्याच्या मनात काहीतरी पाप असणार, असं जाहीर झालं. आमच्यांत तो फितूरच. त्यामुळे तो माझ्याकडे, भट्टीच्या आडोशाला. मी त्याला भरवायची आणि तो घास चावताना माफी मागायचा. मला त्याचा इतका राग यायचा की भाकर तोंडात कोंबायची, आणि मग त्याच्या पाठीवर डोकं टेकून रडायची.

एका दुपारी इयादेर आला. डावा हात खांद्यापासून लुळा पडला होता. मिगिन भिंतीशी बसलेला दिसला, तरी त्याच्याकडे न बघता माझ्यासमोर उकिडवा बसला.

"वहिनी, तुझी माफी मागायची होती. त्या दिवशी पिशवी गार लागली तेव्हा मनात किडा शिरला होता. पोरं तर म्हणत होती, सणाच्या दिवशी ह्याला दिसलं तर तिथून थेट भट्टीवर जायचं. मी म्हटलं, बघू." तो ओशाळं हसला. "काय चुना दिलास! आरपार खाल्लंन. दादा असता तर त्याला अभिमान वाटला असता."

शेजारची पहार माझ्या हाताखाली खणखणली. मिगिनने मान किंचित हलवली. नको, ताई.

"आणखी पिशवीभर लागेल," इयादेर म्हणाला. "पलीकडच्या खोऱ्यात नवीन पाद्री आलाय त्यांचा."

"संपला," मी म्हटलं. "सगळा ह्याच्यावरच खर्च झाला."

इयादेर मांडीवर थाप मारून हसला. पुढची भट्टी लागली की निरोप धाड म्हणाला, देवाला स्तुती म्हणाला आणि लुळा हात लोंबवत डोंगराकडे गेला.

तो वळणाआड होताच मी पहार उचलली आणि भट्टीच्या तोंडावर घातली. पहिला दगड निघायला वेळ लागला. बालियातने मजबूत बांधली होती.

"काय करतेस, ताई?"

"भट्टी पाडते."

"मग खायचं काय?"

"तुझ्या बिशपचं काळीज. बिनमिठाचं."

तो हसला. मग बराच वेळ दगड पडण्याचा आवाज ऐकत बसला.

"ताई," तो म्हणाला, "मी वेदीसमोर उभा राहून खोटं बोललो. रोज रात्री तेच डोक्यात येतं. त्याची क्षमा मला कोण देणार? आमचे देणार नाहीत. तुमचे तर नाहीतच."

"मी दिली."

"तुला तो अधिकार नाही."

"बघू कोण अडवतो," मी म्हटलं आणि पहार पुन्हा भिंतीत घातली.